बोलायची खोली

पाटी आली तेव्हा सुकलाल ओट्यावर दाढी करत बसला होता. कारखान्याला सुट्टी होती, दिवाळी तोंडावर आली होती. मुलगा गोपाल सायकलला बांधून पाटी घेऊन आला, दोरी सोडली आणि ती भिंतीला टेकवली. पिवळ्यावर लाल अक्षरं होती. उज्ज्वला ब्युटी पार्लर. सून उज्ज्वला हात पुसत बाहेर आली आणि स्वतःचं नाव बघून लाजली.

सुकलालने एका गालाला साबण तसाच ठेवून पाटी वाचली.

“हाई पाटी आपला घरवर लागाव नही,” तो म्हणाला.

सुनेच्या कामाला त्याची ना नव्हती. पुढची खोली त्यानेच मोकळी करून दिली होती, मोठा आरसाही स्वतःच ठोकला होता. अडलं होतं ते त्या एका शब्दापाशी. सुरतेतल्या त्यांच्या लिंबायत वस्तीच्या नाक्यावर एक व्हिडिओ पार्लर होतं. दाराला काळा पडदा, आत भलतेसलते सिनेमे, आणि बाहेर पडणारी पोरं रुमालाने तोंड झाकून निघायची. त्याला लागून पान पार्लर. तिथे पानापेक्षा मटक्याच्या आकड्यांनाच गिऱ्हाईक जास्त. पार्लर म्हणून सुकलालला ठाऊक होतं ते एवढंच. सिंगार केंद्र लिही, दुसरं काहीही लिही, असं त्याने सांगून पाहिलं. गोपालचं म्हणणं, आता सगळ्या सुरतेत हेच म्हणतात, सिंगार केंद्र लिहिलं तर बाया बांगड्या मागायला येतील.

उज्ज्वला वाद घालायला थांबली नाही. तिने पाटीचं तोंड भिंतीकडे फिरवलं आणि आत गेली. वर्षभर स्वयंपाक उरकून, दोन रिक्षा बदलून ती हे काम शिकायला गेली होती.

दुपारी शकुंतलाबाई आल्या. त्या मराठी शाळेत इंग्रजी शिकवायच्या, उज्ज्वला त्यांचीच विद्यार्थिनी. पहिलं गिऱ्हाईक मीच होणार, असं त्यांनी तिला कधीचं सांगून ठेवलं होतं. त्या नव्या खुर्चीत बसल्या. उज्ज्वलाने दोऱ्याचं एक टोक दातात धरलं आणि भुवया कोरायला घेतल्या. पाटी उलटी का ठेवली आहे, असं बाईंनी विचारलं. पण तोंडात दोरा असल्यामुळे सुनेला सांगता येईना. शेवटी सासूने, धुरपदाबाईने, दारातूनच सगळा प्रकार सांगितला.

बाई हसल्या नाहीत. नाक्यावरचं ते दुकान त्यांनाही माहीत होतं, सुकलालभाऊंचं काही चुकत नाही, असंच त्या म्हणाल्या. मग डोळे मिटून घेऊन त्यांनी त्या शब्दाची हकिगत सांगितली. शब्द मुळात फ्रेंच. तिकडच्या भाषेत बोलण्याला जो शब्द आहे, त्याच्यापासून झालेला. जुन्या काळी तिथल्या मठांमध्ये संन्यासिनी राहायच्या. त्यांना एरवी मौन असे. पण कुणी घरचं भेटायला आलं, तर बोलण्यापुरती एक खोली राखलेली असे. तिचं नाव पार्लर. पुढे इंग्रजांनी तो शब्द उचलला आणि पाहुण्यांना बसवायच्या खोलीला दिला. मग आईस्क्रीमवाल्यांनी घेतला, केस कापणाऱ्यांनी घेतला, आणि फिरत फिरत तो लिंबायतच्या नाक्यावर येऊन पोचला.

उज्ज्वलाचा हात थांबला होता.

“मंग आपला वटा बी पारलरच शे ना, बाई?” धुरपदाबाईने बाहेरच्या ओट्याकडे बोट दाखवत विचारलं.

बाईंना इतकं हसू आलं, की उज्ज्वलाही हसली आणि तिच्या दातातला दोरा सुटला. एक भुवई कोरलेली, एक तशीच, अशा बाई डोळे पुसत राहिल्या.

ओट्यावर बसलेल्या सुकलालला सगळं ऐकू गेलं होतं. तो उठून दारात आला. बायकांच्या त्या खोलीत पाय ठेवायचा नाही म्हणून उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

“त्यासले बोलानी बंदी व्हती का?” त्याने विचारलं.

होती, बाई म्हणाल्या. दिवसभर कामं करायची, पण एकमेकींशी बोलायचं नाही.

सुकलालला आपला कारखाना आठवला. तिथे दोन्ही बाजूंनी कापड विणणारे लूम धडधडत असायचे. बारा तासांच्या पाळीत शेजारच्या माणसाचा आवाजसुद्धा कानावर पडायचा नाही. ओरडून उपयोग नसे, म्हणून पुढे पुढे कुणी ओरडतही नसे. त्याने गोपालला हाक मारून स्टूल मागवलं, हातोडी मागितली आणि पाटी आपल्याच हाताने दारावर ठोकली. तिरकी तर नाही ना, हे सुनेला रस्त्यापर्यंत पाठवून बघून घेतलं.

“सरळ आहे, बाबा,” उज्ज्वला रस्त्यावरूनच म्हणाली. तिचा आवाज पार नाक्यापर्यंत गेला असेल.

संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या बाया जमल्या. भुवया त्यातल्या दोघींनीच कोरून घेतल्या. बाकीच्या खाटेवर, फरशीवर, जागा मिळेल तिथे बसल्या आणि बोलत राहिल्या. समोरची वत्सला, जी दोन दिवाळ्या धुरपदाबाईशी पाण्याच्या नळावरून अबोला धरून होती, ती तिच्याकडून अनारशाच्या पिठाचं विचारून घेत होती.

सुकलाल बाहेर बसून ऐकत होता. तेवढ्यात रामदास सायकलवरून आला. कारखान्यात दोघांचे लूम शेजारी शेजारी. एकाने चहाला जायचं तर दुसऱ्याने त्याचे लूम सांभाळायचे, त्यामुळे एकत्र चहा असा त्यांनी कधी घेतलाच नव्हता. रामदासने कारखान्यातल्या खुणांच्या सवयीने लांबूनच अंगठा ओठांशी नेला आणि भुवया उंचावल्या. चहा झाला का?

उत्तर द्यायला सुकलालचाही हात वर गेला. मग त्याने तो खाली घेतला आणि ओट्यावर बाजूला सरकला.

“हात राहू दे रे, रामदास. ये, आठे बस. बोल.”