ठरलेले ठोके

“काही ऐकू येतंय का, कोसाच?”

“माशांची पोटं गुरगुरताहेत, ग्लेब तिमोफेयेविच. बाकी शांत.”

कप्तान ग्लेब झारुद्नीने बिनतारीचा कर्णा आपटला. समोर हेलिकॉप्टर एका जागी घोंघावत होतं. त्यातून लांब तारेने पाण्यात सोडलेल्या यंत्रावर कोसाच कान लावून बसला होता. थोडं मागे झारुद्नीची बोट नुसतीच डुलत होती.

ही बोट पाण्याखालच्या पंखांवर उचलली गेली की कुठल्याही पाणबुडीला गाठायची. पण तेव्हा स्वतःच्याच गोंगाटात तिला काही ऐकू येत नसे. हेलिकॉप्टरचे कान तिखट, पण इंधन थोडं. म्हणून दोघांची जोडी लावलेली. गोदीत त्यांना ‘बहिरी नवरी आणि घाईतला नवरा’ म्हणत. आधीच्या दोन्ही चाचण्यांत या जोडप्याला पाणबुडी सापडली नव्हती. आज नाही सापडली तर बोट भंगारात, खलाशी उत्तरेच्या बर्फात आणि झारुद्नी एखाद्या गोदामात बूट वाटायला. अ‍ॅडमिरलने हे सकाळी पावाला लोणी लावता लावता सांगितलं होतं. आता तो झारुद्नीच्याच खुर्चीत बसून जांभया देत होता.

अशा वेळी शहाणा माणूस नशिबावर विसंबत नाही. झारुद्नी गेल्याच आठवड्यात यंत्रं पुसायच्या स्पिरिटचा डबा घेऊन पाणबुडीच्या कप्तानाकडे, आर्सेनी लुकिचकडे, जाऊन आला होता. ते स्पिरिट यंत्रांपर्यंत कधी पोचत नाही, हे काळ्या समुद्रावर सगळ्यांनाच ठाऊक.

“कुठंही लपून बस, आर्सेनी. पण दुपारी आतून पत्र्यावर हातोडा वाजव.”

“आणि कुणी विचारलं तर?”

“म्हणावं, नळ दुरुस्त करत होतो.”

आर्सेनीने डबा हलवून पाहिला होता आणि मान डोलावली होती.

पण दुपार कलत आली तरी ठोका नाही. धुकं उतरू लागलं.

“डबा रिकामा करून घोरत असेल,” इन्नोकेंती, बोटीचा दुय्यम, कानाशी पुटपुटला.

“गप्प बस. साहेब ऐकतील.”

“ग्लेब तिमोफेयेविच,” कोसाच म्हणाला, “इंधन यंत्र आणखी एकदा बुडवण्यापुरतंच. मग मी निघालो.”

झारुद्नीने टेबलाखाली, कुणाला दिसणार नाही असा, छातीवर क्रूस काढला.

बराच वेळ नुसती खरखर. मग कोसाच ओरडला, “ठोके! लोखंडावर लोखंड! अगदी तळाला टेकलाय. हलतसुद्धा नाही!”

“देवमाणूस आहे!” इन्नोकेंती म्हणाला.

बोट पंखांवर उठली. कोसाच वरून वाट दाखवत होता. बहिरी नवरी धुक्यातून सुसाट धावली, नेमक्या जागी थांबली आणि सरावाचे फटाके पाण्यात पडले. अ‍ॅडमिरलने स्वतः कानाला यंत्र लावलं. खालून ठोके येतच होते.

“हे काय चाललंय?”

“नळ दुरुस्त करत असतील, साहेब.”

“पाठलाग चालू असताना? गाढव!” अ‍ॅडमिरल पोट धरून हसला. “शाबास, झारुद्नी. बोट राहील. असल्या आणखी बांधायला सांगतो.”

 झारुद्नीने कठड्याआड इन्नोकेंतीचा हात दाबला.

हेलिकॉप्टर परत वळलं. जाता जाता कोसाच म्हणाला, “यंत्र वर ओढलं तेव्हाही तो वाजवतच होता. थांबायला सांगा की.”

“कसं सांगू? वाजवू दे,” झारुद्नीला आता हसू आवरेना. “डबा चांगला मोठा होता.”

बोट पुन्हा पंखांवर उठली. मग कुणालाच काही ऐकू आलं नाही.

अंधारायच्या आत बोट धक्क्याला लागली. खलाशी गात होते. बोटीचा दोर झेलायला धक्क्यावर आर्सेनी लुकिच उभा होता. झारुद्नीने उडी मारून त्याला मिठी मारली आणि मग एकदम सोडलं.

“तू... एवढ्यात परत?”

“गेलो कुठं होतो? पहाटे माझा पंप बसला, म्हणून माझ्याऐवजी सावेलीची पाणबुडी धाडली,” आर्सेनी म्हणाला. “रागावू नको, ग्लेब. हातोड्याचं त्याला सांगायला जमलंच नाही. तुम्हाला दिसला का कुठं तो? दुपारपासून बिनतारीवर येत नाहीये.”