मुंग्यांची साक्ष

माणसाच्या देहात एका वेळी एकच मोठा रोग राहू शकतो, हा निसर्गाचा नियम आहे. करडी गावाला हा नियम गोमाजीने सांगितला. गोमाजीला दमा होता, मूळव्याध होती आणि तो ग्रामपंचायतीत निवडूनही आला होता.

धनीरामला नियम पटला, कारण धरायला दुसरं काही नव्हतं. उन्हाळ्यापासून तो वाळत चालला होता. मोहाडीच्या डॉक्टरांनी दोन शंका बोलून दाखवल्या होत्या, साखर आणि कॅन्सर, आणि तपासायला भंडाऱ्याला जा म्हटलं होतं. धानाची कापणी टाकून जाता येत नव्हतं. तोवर गोमाजीनेच तपासणी हाती घेतली.

"सकाळी लघवीच्या जागी मुंग्या दिसल्या त साखर," तो म्हणाला. "अन् साखर निंगाली का कॅन्सरचा विषयच खतम. दोघं एका घरात नांदत नाहीत."

"मुंग्या नाही आल्या त?" धनीरामने विचारलं.

गोमाजीला एकदम घरचं काम आठवलं.

सकाळी धनीराम घरामागच्या सांदवाडीत जाऊन आला आणि तोंड फिरवून पडून राहिला. मुंग्या येतात की नाही, हे पाहत बसायची ताकद त्याच्या बायकोत नव्हती. सत्यभामाबाईने तांब्यात गूळ कालवला आणि नेमका त्याच जागी ओतला.

मुंग्या आल्या. रांगा धरून आल्या.

"बाजी मारली ना बे धन्या," उकिडवा बसलेला गोमाजी म्हणाला. "भात कमी खात जाय आता."

धनीराम कितीतरी दिवसांनी हसला. शेजारची रंभाबाई अभिनंदनाला आली. "साखरेनं काही होत नाही जी. आमच्या मोठ्या दिराले वीस वर्षं होती. मोहाच्या झाडावरून पडून मेले."

आता अख्ख्या करडीत धनीरामच्या साखरेवर विश्वास नसलेलं एकच माणूस उरलं होतं. ते चुलीपुढे बसून, धुराने डोळे झोंबतात, असं सांगत होतं.

कापणी आटोपल्यावर नवरा-बायको दोघं भंडाऱ्याला गेले. डॉक्टरांनी धनीरामचे पिवळे डोळे पाहिले, पोट बराच वेळ चाचपलं आणि त्याला बाहेर बसायला सांगितलं. मग निळ्या औषधात त्याची लघवी उकळली. औषध विटेसारखं लाल झालं.

"साखर आहे," ते सत्यभामाबाईला म्हणाले. "भरपूर आहे."

"खरी हाये न, डाक्टरसाहेब?"

"साखर खोटी कशी असेल?"

सत्यभामाबाईने हात जोडले. भिंतीवर देवाचा फोटो नव्हता, म्हणून डॉक्टरांनाच जोडले. "मंग कॅन्सर नाही."

डॉक्टरांनी परीक्षानळी खाली ठेवली. "बाई, साखर ताब्यात ठेवायला शरीरात इन्सुलिन बनतं. ते जिथं बनतं, तिथंच गाठ झाली आहे. हाताला लागते. ही साखर कॅन्सरनंच आणली."

ती बाहेर आली तेव्हा धनीराम बाकावरून अर्धा उठला होता.

"काय निंगालं वं?"

"साखर," ती म्हणाली.

ते खरं होतं.