जुळणी

"प्रोसेसर खाचेत नीट बसला म्हणजे जुळलाच," रत्नागिरीतला दुकानदार म्हणाला. शकुंतलाताईंनी काउंटरवरचा मदरबोर्ड उचलला नाही.

देवरुखच्या वाचनालयात त्या ग्रंथपाल होत्या. अंध वाचकांसाठी पुस्तकं ध्वनिमुद्रित करायला त्यांनी सुटे भाग आणून स्वतः संगणक जोडला होता. पंखे फिरले, पण पडदा काळाच राहिला.

"तयार मशीन घ्या म्हटलं होतं," वाचनालयाचे अध्यक्ष म्हणाले. "सोमवारपर्यंत चाललं नाही, तर ध्वनिमुद्रणाची खोली कॅरमला देऊ."

ताई वाद घालत बसल्या नाहीत. दोन दिवस त्यांनी बोर्डाच्या कंपनीच्या संकेतस्थळावरची, कोणते प्रोसेसर चालतात याची यादी ओळ न ओळ वाचली आणि तिसऱ्या दिवशी सगळं पिशवीत भरून रत्नागिरीची एसटी धरली.

"बसतो, पण बोर्ड त्याला ओळखत नाही," त्यांनी आता छापील यादीवर बोट ठेवलं. "प्रोसेसर नवा आहे, बोर्डातलं बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा प्रोग्रॅम, त्याच्या आधीचं. तुमच्याकडचा जुना प्रोसेसर थोडा वेळ लावा आणि बायोस नवं करून द्या."

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"या यादीनं. मी इथेच थांबते."

तासाभरात बायोस नवं झालं. दुकानदाराने त्यांचा प्रोसेसर बसवायला हात पुढे केला.

"तो मी बसवते," ताई म्हणाल्या. कोपऱ्यावरची खूण जुळवून त्यांनी खटका हलकेच दाबला. सगळं पुन्हा जोडल्यावर पडदा उजळला.

सोमवारी अध्यक्ष आले, तेव्हा खोलीच्या दारावर पाटी होती: 'ध्वनिमुद्रण चालू आहे.' ते चपला हातात घेऊन पुढे गेले.