एका स्टँडवर दोघं

खाण कधीच बंद पडली होती, पण खाणकामगारांचा बँड दर गुरुवारी चर्चच्या हॉलमध्ये जमायचाच. आई गेल्यापासून टिली तिच्या खुर्चीवर बाबांशेजारी बसायची. ट्रम्पेटसारखी कॉर्नेट दोन, नोटेशनचा स्टँड एकच. पान उलटायचं काम टिलीचं. आज दूरच्या शहरातल्या विद्यापीठाच्या अर्जाचा शेवटचा दिवस. "बाबा, ऑनर्सला नुसतं गणित भरू, की गणित आणि संगीत जोडीनं? जोडीला जागा सहाच आहेत." 'संगीत सोडू नकोस' एवढंच तिला ऐकायचं होतं. बाबांनी कॉर्नेट पुसलं, पुन्हा पुसलं. "दोन दगडांवर पाय कशाला ठेवतेस, पोरी? गणित भर." तिने फोनवरूनच अर्ज पाठवला. वादन सुरू झालं. पान संपत आलं तसा तिचा हात पुढे गेला. तिथे बाबांचा हात आधीच होता. त्यांचे चार सूर सुटले. बँडमास्तर थांबले. "माफ करा," बाबा म्हणाले, "सवय करतोय."