पुडीचा उजेड

माझे नॅनोकण चमकले. पण समजा, चमकलेच नाहीत, कारण सर तसंच म्हणतात आणि त्यांच्या सहीशिवाय माझा प्रबंध हलत नाही. झिंक सल्फाइडचे हे कण बनवताना सडक्या अंड्यांच्या वासानं अख्खा मजला नाक धरून बसला होता. वाळलेली पांढरी पूड अंधारखोलीत अतिनील दिव्याखाली धरली, तर छान निळा उजेड.

"अरे, हा तुझ्या ॲप्रनचा उजेड," सर म्हणाले. "धुण्याच्या पावडरीनं कपडे असेच चमकतात या दिव्यात."

मी ॲप्रन बाहेर टाकून काळ्या टी-शर्टात परत आलो. पूड निळीच.

"मग माझ्या शर्टाचा असेल."

सरांना शर्ट काढा कसं म्हणणार? मी रीतसर अर्ज दिला: 'उद्या नवीन पूड बनवीत आहे. तरी मार्गदर्शक महोदयांनी उजेडाच्या मोजणीस न धुतलेल्या शर्टात, अथवा शर्टाविना, उपस्थित राहावे, ही नम्र विनंती.'