रोजचं शिंपण

"पाइपाला हात लावायचा नाही," आई म्हणाली.

मुलाचा हात नळावर तसाच राहिला. गाडीतून उतरून तो थेट अंगणात आला होता. मागच्या सीटवर रिकाम्या बॅगा होत्या. आईला आज घेऊनच जायचं, हे त्याने घरून निघतानाच ठरवलं होतं. नवव्या मजल्यावरच्या त्याच्या फ्लॅटमध्ये तिची खोलीही तयार होती. शेजारच्या काकांनी कळवलं होतं, तुझी आई हल्ली लॉनला पाणी घालायचंही विसरते, खुर्ची टाकून नुसती बघत बसते.

काकांचं काही चुकलं नव्हतं. हिरवळ विरळ झाली होती, कडेने पिवळी पडली होती आणि मधे मधे चक्क माती दिसत होती. आई मात्र खुर्चीत ताठ बसून होती. सगळा जन्म मुख्याध्यापिका म्हणून काढलेला. समोरच्याला उभं ठेवून बोलायची सवय अजून गेली नव्हती.

"आई, तुझ्याच्यानं होत नाही आता. विसरतेस तू."

"विसरले नाही, बंद केलं. आता फक्त रविवारी घालते. पार खालपर्यंत मुरेल इतकं."

"या उन्हात? मारतेयस तू तिला."

"आधी मारत होते. रोज संध्याकाळी मायेने जरा जरा शिंपायचे. वरची माती ओली, खाली ठणठणाट. आयतं वरच्या वर मिळतंय म्हटल्यावर मुळं कशाला खाली जातील? शेजारचं मांजर धावत गेलं, तर त्याच्या पंज्याबरोबर अख्खा झुपका निघून आला. मुळं ही एवढीशी, नखाएवढी."

हे काही मुलाला पटलं नाही. म्हातारपणी माणसं आपल्या चुकीलाही शहाणपणाचं नाव देतात, असं त्याचं मत होतं. "मेलंय गं हे सगळं, बघ," म्हणत तो वाकला आणि त्याने एक पिवळा झुपका ओढला. पाती तुटून हातात आली. त्याने दुसरा धरला. गुडघा टेकून दोन्ही हातांनी जोर लावला. बोटं लाल झाली, पण गवत जागचं हललं नाही. इतक्या जवळून आता त्याला पिवळ्या पात्यांच्या बुडाशी हिरवे कोंब दिसले.

"ओढ अजून," आई म्हणाली. "मी इथून हलणार नाहीये."

तो हात झटकत उठला. लहानपणी डाव हरल्यावर यायचा तसला राग त्याला आला होता. "मग मला सांगायचं ना. रोज फोन करतो मी तुला. एक दिवस चुकवत नाही."

"करतोस की. जेवलीस का, गोळी घेतलीस का, काळजी घे. मी तोंड उघडेपर्यंत ठेवलेला असतोस."

त्याला तिची काळजी खरोखरच होती. म्हणूनच ते फार लागलं. बॅगांचा विषय काढायचं त्याला आता धैर्य होईना.

"म्हणजे फोनही करू नको?"

आईने पहिल्यांदाच शेजारची खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

"रविवारी कर," ती म्हणाली. "पण पोटभर बोल."