एक नंबर जाड

"पाच छेद सोळा मोठा," भाजी चिरणारी सुरी न थांबवता आई म्हणाली. "पाच तिनापेक्षा मोठा, सोळा आठापेक्षा मोठा. वरही मोठा, खालीही मोठा. यात डोकं कसलं लावायचं?"

मुलगी स्वयंपाकघराच्या टेबलावर कागदाच्या पट्ट्या पसरून बसली होती. अपूर्णांक चढत्या क्रमाने लावायचा गृहपाठ होता.

"तू स्टोअरमध्ये असंच करतेस?"

"असंच. बारा वर्षं झाली. एक खिळा इकडचा तिकडे नाही."

ही काही बढाई नव्हती. इमारती रंगवणाऱ्या कंपनीचं स्टोअर तिच्या ताब्यात होतं आणि तिच्या कामात बोट ठेवायला जागा नसे. मोजत मात्र ती काहीच नसे. मालावर मापाची चिठ्ठी चिकटवलेली असताना वर पुन्हा मोजायचं, म्हणजे डोक्याला फुकटचा ताप. परवा तीन छेद आठ इंची तारेचा दोर संपला, तेव्हा तिने शेजारचं पाच छेद सोळाचं रीळ काढून दिलं आणि मुकादमाला ठसक्यात सांगितलं, "एक नंबर जाड देतेय. उलट बरंच आहे."

त्यावरून आज सकाळीच धाकट्या भावाने चहा पिताना तिला चिडवलं होतं. तो त्याच कंपनीत रंगारी, राहायला बहिणीकडेच. "ताई, तुझ्या जाड दोराची कृपा! मुकादम म्हणतो, आता पाळण्यात दोघांऐवजी तिघं चढा. सुट्टी बुडाली, पण भिंत आज उरकणार."

पाळणा म्हणजे गच्चीवरून दोन दोरांनी टांगलेली, कठडा लावलेली लांब लोखंडी फळी. रस्त्यापलीकडच्या इमारतीवर तो खिडकीतून दिसत होता.

"चूक!" मुलगी टाळी वाजवून म्हणाली. आईची चूक सापडली की कुठल्या मुलीला आनंद होत नाही? "ही बघ. या पट्टीचे आठ भाग केले, तीन लाल रंगवले. तेवढ्याच या पट्टीचे सोळा केले, पाच निळे. तुकडे जास्त केले की तुकडा बारीक होतो ना गं! तीन छेद आठ म्हणजे सहा छेद सोळा. तुझे पाचच."

तिने पट्टीवर पट्टी ठेवली. निळा रंग संपला तिथून लाल थोडा पुढे गेला होता.

सुरी थांबली.

"पुन्हा ठेव."

मुलीने पुन्हा ठेवली. लाल पुढेच होता.

"एकाच तुकड्याचा तर फरक आहे, आई." आईचा चेहरा पाहून मुलीचा आवाज उतरला.

आईला रिळावरून सुटणारा दोर आठवला. किती सहज वळत होता. नवा आहे म्हणून असेल, असं तिला वाटलं होतं. आता तिला भीती वाटली. तिने भावाला फोन लावला. तो बाहेरच्या खोलीत वाजला, चार्जिंगला लावलेला. मुकादमाचा नुसताच वाजत राहिला.

तिने खिडकी सताड उघडली. पाळणा नवव्या मजल्यावर होता. तीन पिवळ्या टोप्या. अलीकडचं टोक जरासं खाली वाटत होतं. की भास होता?

"उतरा! खाली उतरा!" आवाज रस्त्यावरच्या गाड्यांनी गिळला. तिने दोन्ही हात डोक्यावर नेऊन जिवाच्या आकांताने हलवले. शेजारी येऊन मुलगीही हलवू लागली.

भावाने पाहिलं. मान वळवून तो सोबत्यांना काहीतरी म्हणाला, बहुधा, ती बघा माझी ताई, जाड दोरवाली. ते दोघं हसले, ब्रश ठेवून त्याच्या मागोमाग आले. मग पाळण्याच्या अलीकडच्या टोकाला तिघंही दाटीवाटीने उभे राहिले आणि तिच्याकडे बघून दोन्ही हात हलवू लागले.